चौदा दिवस फुकट आणि पुढचे आठ महिने: ऑफिसच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात १४० जणांची ने-आण माझ्या गळ्यात आहे. आधी सगळा कारभार एक्सेल आणि व्हॉट्सॲपवर चालायचा. मार्चमध्ये हे सॉफ्टवेअर फुकट वापरून पाहिलं, एप्रिलपासून पैसे मोजतोय. नाव लिहीत नाही. मला सांगायचंय ते त्या फुकट दिवसांबद्दल.

चौदा दिवस मोजतात ते खातं उघडल्यापासून, पहिली गाडी सुटल्यापासून नव्हे. आम्ही गुरुवारी खातं उघडलं. शनिवार-रविवार सुट्टीत गेले, पुढचे तीन दिवस पत्त्यांनी खाल्ले. मुंबईचा पत्ता म्हणजे 'हनुमान मंदिरामागे, टाकीजवळ'. गोवंडीच्या शिवाजी नगरातल्या मुलीच्या घराची नकाशावरची पिन थेट ठाणे शहरात पडली. पहाटे पाचला ड्रायव्हरचा फोन: "साहेब, इथे नुसती बंद शटरं आहेत, मॅडम कुठायत?" शेवटी ज्याने त्याने आपापली पिन लावायची असं ठरवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. हातात उरला एक आठवडा. तेव्हा पत्त्यांची यादी आधी साफ करा, मगच खातं उघडा.

फुकटात ५० माणसं, रोस्टर (कोण कुठल्या गाडीत, किती वाजता), लाइव्ह लोकेशन, गाडीत बसतानाचा ओटीपी, सगळं मिळालं. कुलूप होतं ते नेमकं बिलिंगला. माझं गाड्या पुरवणाऱ्या व्हेंडरशी दर महिन्याला वाजतं ते गॅरेज-टू-गॅरेज किलोमीटरवरून, म्हणजे गाडी गॅरेजमधून निघून परत तिथे येईपर्यंतच्या अंतरावरून, आणि तेच तपासता येईना. अकराव्या दिवशी सेल्सवाल्याला फोन लावला. त्याने सात दिवस वाढवून दिले आणि बिलिंगही उघडलं. न मागता काही मिळालं नसतं.

रात्रपाळीची बाजू मात्र चोख. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी आणि घराच्या दारापर्यंत गाडी हवी. मी मुद्दाम रोस्टरमधून गार्ड काढून पाहिला. शेवटी उतरणारी बाई आणि गाडीत गार्ड नाही, म्हणून ॲपने ट्रिप सुटूच दिली नाही. पण ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशीच 'ड्रॉप' दाबून मोकळे होतात, हे कळायला जून उजाडला. आता घरात पोचल्यावर ती स्वतः बटण दाबते, तेव्हाच ट्रिप बंद होते.

कार्ड पहिल्याच दिवशी मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते आणि १५,००० रुपयांच्या वर दरवेळी ओटीपी लागतो. आमचं बिल त्यावर जातं, त्यामुळे गुपचूप कापलं जाण्याची भीती नव्हती. ज्यांचं बिल त्याखाली राहतं अशा वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसाने मात्र ती सूचना कोणाच्या मेलवर जाते ते बघावं. आमच्याकडे ती अकाउंट्सच्या मेलवर जायची, आणि तिथे कोण वाचतंय! हिशेब डोईमागे दरमहा, वर १८ टक्के जीएसटी.

मार्चमध्ये जे रूट झकास वाटले, त्यांचे जुलैत बारा वाजले. अंधेरी सबवेत पाणी भरलेलं आणि ॲप गाड्या तिकडेच वळवतंय. आमचे जुने ड्रायव्हर फोनकडे न बघता गोखले पुलावरून गेले; ॲपने त्यांच्या नावावर 'रूट मोडला' अशी लाल खूण मारली. त्या खुणा मी अजून हाताने पुसतो.

आता ऐरोलीच्या ऑफिससाठीही घ्या म्हणून सेल्सवाला मागे लागलाय. त्याला सांगितलंय, तिथली ट्रायल जुलैत लावू.