मेल सर्व्हर शिकायला छापील पुस्तक की ऑनलाइन डॉक्युमेंटेशन?

पणजी-म्हापशातल्या हॉटेलांचे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या नवख्यांनी आधी छापील पुस्तकच वाचावं, असं माझं ठाम मत आहे. मेलची रांग कशी चालते, समोरच्या सर्व्हरकडून ४०० च्या घरातल्या आकड्याचं (तात्पुरत्या अडचणीचं) उत्तर आलं की मेल थांबून पुन्हा का पाठवला जातो, ५०० च्या घरातलं (कायमच्या नकाराचं) आलं की लगेच परत का फिरतो, हे पुस्तक क्रमानं समजावतं. शिवाय पावसाळ्यात नेट गेलं तरी ते हाताशी राहतं!

सेटिंग मात्र त्यातून उतरवू नका. डीमार्कचं (दुसऱ्याच्या नावानं आलेल्या बनावट मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या पद्धतीचं) पहिलं आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तंत्राचा प्रसिद्ध केलेला दस्तऐवज, २०१५ चं; त्याआधीच्या पुस्तकांत ते कुठून येणार? जीमेलनं तर फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आलाय का हे तपासायच्या पद्धती) आणि डीमार्क सक्तीचे केले. इथे पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच उघडावं, तेही आपल्या आवृत्तीशी ताडून.