एंडोमेट्रिओसिसचे निदान: रक्ततपासणी, सोनोग्राफी की दुर्बीण?

वर्षानुवर्षे पाळीच्या वेदना सोसणाऱ्या स्त्रीला डॉक्टरांनी एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका बोलून दाखवली, की रक्त तपासून हे कळेल का, असा प्रश्न ती हमखास विचारते. तूर्त तरी याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते.

या संदर्भात सर्वाधिक लिहून दिली जाणारी तपासणी म्हणजे सीए-१२५, म्हणजे रक्तातील एका प्रथिनाचे मोजमाप. अहवालात एक आकडा असतो आणि त्याच्यासमोर ३५ युनिटची मर्यादा छापलेली असते. आकडा त्याहून कमी दिसला की रुग्ण आणि नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमकी चूक इथेच होते. २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात ३० युनिट ही मर्यादा धरली असता या तपासणीला आजार असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५२ जणीच सापडल्या. उरलेल्या ४८ जणींच्या हाती ‘नॉर्मल’ अहवाल पडतो आणि त्यांचे दुखणे मनाचे ठरवले जाण्याची वाट मोकळी होते. उलट, आकडा वाढलेला असला तरी त्याचा अर्थ एकच निघत नाही, कारण पाळी चालू असताना, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातील साध्या गाठींमध्ये), ओटीपोटातील संसर्गात, अंडाशयाच्या कर्करोगात आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही अशा पोटाच्या क्षयरोगातही तो वाढतो.

एचई-४ ही रक्तातील आणखी एका प्रथिनाची तपासणी वेगळ्या कामाची आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये ती सहसा वाढत नाही, त्यामुळे अंडाशयावर गाठ दिसल्यावर कर्करोगाची शंका तपासताना सीए-१२५ च्या जोडीला तिचा उपयोग होतो. मायक्रोआरएनएवर, म्हणजे जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या सूक्ष्म रेणूंवर, संशोधन जोरात आहे; फ्रान्समध्ये १०९ मायक्रोआरएनए तपासणारी चाचणी विकसित झाली आहे, पण ती रक्ताची नसून लाळेची आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात १४१ अभ्यासांतील १२२ रक्तघटक पारखले गेले आणि त्यांतला एकही निदानासाठी पुरेसा भरवशाचा ठरला नाही.

त्यामानाने योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी कितीतरी उपयोगी आहे. अंडाशयातील ‘चॉकलेट सिस्ट’ (या आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) तीत चांगली ओळखू येते, आणि तपासणाऱ्याचा हात सरावलेला असेल तर आतड्यापर्यंत गेलेला खोल आजारही सापडतो. अशा खोलवरच्या आजारात एमआरआयचीही मदत होते. पोटाच्या आतील आवरणावरचे बारीक ठिपके मात्र या दोन्हींतून निसटू शकतात. पोटात दुर्बीण घालून केलेल्या शस्त्रक्रियेत (लॅपरोस्कोपीत) ते डोळ्यांनी दिसतात व तुकडा काढून तपासताही येतो, पण त्यासाठी भूल आणि शस्त्रक्रियेचे धोके पत्करावे लागतात. म्हणूनच ‘एश्रे’ या युरोपीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना निदानासाठी रक्तघटक वापरू नयेत असे सांगतात, आणि सोनोग्राफी वा एमआरआयमध्ये काही न आढळल्यास किंवा औषधांनी गुण न आल्यास दुर्बिणीकडे वळावे असे सुचवतात. लगेच गर्भधारणा हवी नसेल, तर केवळ लक्षणांवरून हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करणेही त्या सूचनांत बसते.

पैसे एकाच तपासणीपुरते असतील, तर माझे मत निःसंशय सोनोग्राफीला आहे, आणि तीही हा आजार नेहमी पाहणाऱ्या तज्ज्ञाकडून करून घ्यावी. सीए-१२५ आधीच झाली असेल, तर ती पाळीच्या कितव्या दिवशी केली हे अहवालावर लिहून ठेवावे आणि आकडा मर्यादेत आहे म्हणून पुढची तपासणी टाळू नये.