पेढीवरून विधिमंडळात: एस्तेव्हान ओचोआ यांच्या श्राव्य चरित्राविषयी

इंदूरमधील काही मराठी मंडळी वर्गणी घेऊन मोबाईलवर ऐकण्याची एक चरित्रमाला चालवतात. आजवर तीत बहुतेक आपल्याकडचीच माणसे होती. ताज्या भागासाठी मात्र त्यांनी अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातील एस्तेव्हान ओचोआ हा व्यापारी निवडला आहे. निवड अनपेक्षित, पण उत्तम आहे, आणि वाचन इतके स्वच्छ आहे की परक्या गावांची नावेही कानाला अडखळवत नाहीत.

ओचोआ १८३१ साली मेक्सिकोतील चिवावा येथे जन्मले आणि मालवाहतुकीच्या धंद्यात वाढले. पुढे अ‍ॅरिझोनातील टूसॉन गावात ‘टली, ओचोआ आणि कंपनी’ या पेढीमार्फत त्यांच्या खेचरगाड्यांचे तांडे लष्करी ठाण्यांना माल पोचवू लागले. या भागातील सर्वांत सरस प्रसंग १८६२ चा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या फौजेने टूसॉन घेतले, तेव्हा त्या फौजेच्या कॅप्टन शेरॉड हंटरने ओचोआंना दक्षिणेशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. त्यांनी ती नाकारली, मालमत्तेवर पाणी सोडले आणि अपाचे या मूलनिवासी टोळ्यांच्या मुलखातून ते घोड्यावर एकटेच निघून गेले. निवेदक इथे आवाज चढवत नाही, पार्श्वसंगीतही थांबते, आणि त्या संयमामुळेच प्रसंग अंगावर येतो.

खटकते ते यानंतर. अ‍ॅरिझोना १८६३ मध्ये केंद्र सरकारच्या अखत्यारीतला वेगळा प्रदेश झाला, पण राज्याचा दर्जा त्याला १९१२ मध्ये मिळाला. मधल्या काळात गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जाई आणि विधिमंडळ तेवढे स्थानिक लोक निवडून देत. अशा व्यवस्थेत रस्ते, ठाण्यांची सुरक्षितता आणि लष्कराची कंत्राटे यांवर ज्याची पेढी उभी आहे, तो माणूस राजकारणात उतरणार हे उघड आहे. ओचोआ विधिमंडळात गेले, १८७५ मध्ये टूसॉनचे महापौर झाले, सार्वजनिक शिक्षणाच्या बाजूने उभे राहिले आणि शाळेसाठी त्यांनी स्वतःची जागा दिली. मालेने हे सारे औदार्याच्या खात्यावर मांडले आहे. औदार्य होतेच, पण तांडा कसा चाले, वाटेत लूट झाली तर नुकसान कोण सोसे, सरकारी देणे कसे वसूल होई, याविषयी चकार शब्द नाही. १८६९ मध्ये त्यांच्या तांड्यावर झालेला अपाचे हल्ला तर एका वाक्यात उरकला आहे. बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्या श्रोत्यांना हा तपशील कंटाळवाणा वाटेल, असे लेखकाने का गृहीत धरले असावे, हे कळत नाही.

रेल्वेचा भाग मात्र पुन्हा रंगतो. मार्च १८८० मध्ये सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची गाडी टूसॉनला पोचली, तेव्हा स्वागतसमारंभात चांदीचा खिळा अर्पण करण्याचा मान ओचोआंना मिळाला. आणि त्याच रेल्वेने त्यांच्या खेचरगाड्यांचा धंदा काही वर्षांत बुडवला. १८८८ मध्ये ते वारले तेव्हा पूर्वीचे वैभव उरले नव्हते. इथे इंदूरचा संदर्भ सहज जोडता आला असता. तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांनी १८७० साली खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये कर्ज दिले होते. इकडे संस्थानिकाने रुळांत पैसा घातला आणि तिकडे व्यापाऱ्याने रुळांचे नुसते स्वागत केले, एवढे सांगितले असते तरी आपल्या श्रोत्याला तो काळ जवळचा वाटला असता.

ध्वनिमुद्रणाची प्रत चांगली आहे, हेडफोनशिवायही शब्द स्पष्ट कळतात. भागाला प्रकरणे पाडलेली नाहीत, त्यामुळे मागचा प्रसंग पुन्हा शोधताना चिडचिड होते, आणि सोबत साधा नकाशाही दिलेला नाही. टूसॉन, चिवावा आणि रिओ ग्रांदे नदी यांतली अंतरे डोळ्यांपुढे नसतील तर घोड्यावरून एकट्याने केलेल्या त्या प्रवासाचे मोल कळत नाही. वर्गणी माफक आहे. मालेचे सभासद असाल तर हा भाग जरूर ऐका. केवळ ओचोआंसाठी वर्गणी भरणार असाल, तर संयोजकांनी नकाशा जोडेपर्यंत थांबलेले बरे.