स्टँडबायवरचा पसारा काढायचा: प्रत्येकाला वेगळा फ्लॅग, की एकच ‘--क्लीन’?

स्टँडबाय सर्व्हरला (मूळ डेटाबेस सर्व्हरच्या राखीव नकलेला) लॉजिकल सबस्क्रायबर (टेबलांतले बदल मागवून घेणारा स्वतंत्र सर्व्हर) बनवणारं टूल लिहायला घेतलंत, की मूळ सर्व्हरवरून आलेलं नको ते सामान काढायचं कसं, हे ठरवावंच लागतं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १७व्या आवृत्तीत (२०२४) आलेल्या ‘पीजी_क्रिएटसबस्क्रायबर’ या अशाच टूलची गोष्ट इथे फार उपयोगी पडते. फिजिकल स्टँडबाय ही हुबेहूब नक्कल, त्यामुळे मूळ सर्व्हरची पब्लिकेशन्सही (कोणत्या टेबलांतले बदल बाहेर पाठवायचे, याच्या व्याख्या) सोबत येतात. नव्या जागी त्यांना काम नसतं, पण पुढे त्याच नावाचं पब्लिकेशन करायला गेलात की ‘हे आधीच आहे’ म्हणून कमांड अडते.

‘--ड्रॉप-पब्लिकेशन्स’ असा स्वतंत्र फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) वाचताक्षणी कळतो. एकच प्रकार काढायचा असेल, तर एवढं पुरे. पण नंतर प्रकार वाढले की प्रत्येकाला नवा फ्लॅग, आणि कुठे ‘ड्रॉप’, कुठे ‘क्लीनअप’ अशी नावांची खिचडी होते.

पोस्टग्रेस १८ ने (२०२५) दुसरी वाट धरली: ‘--क्लीन=पब्लिकेशन्स’. आज तिथे हा एकच प्रकार चालतो, पण उद्याच्या प्रकारांना जागा आहे. घडणीच्या काळात याचं नाव ‘--रिमूव्ह’ होतं आणि ‘-आर’ हे आखूड रूपही होतं. पुढे नाव बदललं, कारण ‘क्लीन’ हा शब्द पीजी_डंप या बॅकअप टूलमुळे लोकांच्या हातात बसलेला होता. अर्थ तंतोतंत जुळत नाही, तिथे काढून पुन्हा बनवायचं असतं आणि इथे फक्त काढायचं. तरी आखूड अक्षर गेलं, हे मला मनापासून पटतं. सर्व्हरची पूर्ण नक्कल घेणाऱ्या पीजी_बेसबॅकअपमध्ये ‘-आर’ने स्टँडबायची सेटिंग्ज लिहिली जातात. एकाच माणसाला एकाच रात्री दोन्ही टूल्स चालवावी लागतात. डिलीट करणारा पर्याय पूर्ण टाइप करावा लागलाच पाहिजे.

विचारायचंच कशाला, आपोआप काढून टाका, असंही कुणी म्हणेल. सबस्क्रिप्शन्सच्या (दुसऱ्या सर्व्हरकडून बदल मागवणाऱ्या जोडण्यांच्या) बाबतीत पीजी_क्रिएटसबस्क्रायबर तसंच करतं, आणि योग्य करतं: ती राहिली तर नवा सर्व्हर मूळ सर्व्हर वापरत असलेल्या जुन्याच स्लॉटवर (कुठपर्यंतचे बदल पाठवले, याची खूण ठेवणाऱ्या जागेवर) जाऊन बसायचा. टूलने स्वतः बनवलेलं पब्लिकेशनही नेहमीच जातं. बाकीची पब्लिकेशन्स ठेवली तर डेटा बिघडत नाही, म्हणून ती न विचारता काढू नयेत.

माझा कौल ‘--क्लीन=प्रकार’ला. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: निवडलेल्या डेटाबेसमधली सगळी पब्लिकेशन्स जातात. दहातलं एक ठेवायचं असेल, तर हातानेच ‘ड्रॉप पब्लिकेशन’ चालवणं बरं.

आणि ‘--ड्राय-रन’ (प्रत्यक्ष काही न बदलता करायची तालीम) विसरू नका. काय काय जाणार, ते एकेक करून लॉगमध्ये दिसतं. हीच सोय तुमच्या टूलमध्येही हवी, कारण खरी कमांड सुरू झाल्यावर मध्येच ‘हे राहू दे’ म्हणता येत नाही. ती यादी वाचा, पीजी_डंपने व्याख्या काढून ठेवा, मगच एंटर दाबा.