मस्केटिअर्स पुन्हा वाचावं, की वीस वर्षं पुढे जावं?

शाळेत असताना ‘थ्री मस्केटिअर्स’ची संक्षिप्त आवृत्ती वाचलेली. तलवारी, घोडे आणि ‘सर्वांसाठी एक, एकासाठी सर्व’ एवढंच लक्षात राहिलेलं. आता चाळिशीत त्याचा लेखक द्युमा पुन्हा वाचावासा वाटतोय. मग तेच पुस्तक अख्खं वाचायचं, की त्याचा पुढचा भाग, ‘ट्वेंटी इयर्स आफ्टर’, उघडायचा? दोन्ही चांगली जाडजूड आहेत, म्हणून प्रश्न पडतो.

मूळ पुस्तक १८४४ साली ‘ल सिएक्ल’ या पॅरिसच्या दैनिकात हप्त्याहप्त्याने आलं, आणि ते पानोपानी जाणवतं. १६२५ चा एप्रिल. शेपटीला केस नसलेल्या पिवळ्या तट्टावरून दार्तान्याँ गावात शिरतो, लोक हसतात, आणि हा लगेच तलवारीला हात घालतो. पॅरिसला पोचून एकाच दिवशी तीन मस्केटिअर्सशी, म्हणजे राजाच्या बंदूकधारी शिपायांशी, तीन द्वंद्वं अंगावर ओढवून घेतो: आथोसशी बाराला, पोर्थोसशी एकला, अरामिसशी दोनला. पोर्थोसचं भांडण कशावरून? त्याच्या तलवारीच्या पट्ट्यावरचं जरीकाम फक्त पुढच्या बाजूला आहे, हे या पोराला दिसलं म्हणून!

संक्षिप्त आवृत्तीत सहसा गाळलेलं पूर्ण पुस्तकात भेटतं. पोर्थोस वकिलाच्या बायकोकडून पैसे उकळतो, आथोस सरायच्या तळघरात स्वतःला कोंडून मालकाची दारू संपवतो, आणि दार्तान्याँ अंधारात मिलेडीला, म्हणजे कथेतल्या कारस्थानी हेर बाईला, जे फसवतो त्याला शूरपणा म्हणवत नाही. हे नायक बरेच उनाड आहेत, आणि मला तसेच आवडतात. कंटाळा एकाच ठिकाणी येतो: मिलेडीच्या कैदेची लांबलचक प्रकरणं. चौघे गायब, आणि ती एकटी पहारेकऱ्याला वळवतेय.

पण मैत्रीचंच म्हणाल, तर इथे ती स्वस्तात मिळते. चौघांची बाजू एक, समोर फ्रान्सचा कारभार हाकणाऱ्या कार्डिनल रिशल्यूची माणसं.

पुढचा भाग १६४८ मध्ये उघडतो. रिशल्यू गेला, त्याच्या जागी माझारँ आला. दार्तान्याँ अजून लेफ्टनंटच. बढती नाही, खिसा रिकामा. पोर्थोसकडे जमीनजुमला आहे, पण त्याला बॅरन व्हायचंय. दोघे माझारँच्या पदरी राहतात, आथोस आणि अरामिस विरुद्ध गटात. अंधाऱ्या रस्त्यावर एका पाठलागात तलवारी भिडतात आणि समोरचा कोण हे तेव्हा कळतं. मग पॅरिसमधल्या प्लास रॉयालमध्ये चौघे भेटतात, तेही हत्यारं घेऊनच. शब्दाने शब्द वाढतो, आणि आथोस आपली तलवार गुडघ्यावर मोडतो. पहिल्या पुस्तकातली सगळी द्वंद्वं एकीकडे ठेवली तरी हे पान मला जड वाटतं.

या भागाची अडचण वेगळीच आहे. फ्राँद म्हणजे त्या काळच्या फ्रान्समधलं बंड. त्यातले सरदार आणि संसदवाले एवढे, की सुरुवातीला कोण कोणाचा हे कळायला कागद-पेन्सिल घ्यावी. वेगही कमी. मात्र मांस भरलेल्या मोठ्या पेस्ट्रीतून दोरीची शिडी पाठवून तुरुंग फोडण्याचा प्रसंग आहे, आणि इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होताना वधमंचाच्या फळ्यांखाली लपलेला आथोसही आहे.

म्हणून माझा कौल असा: वाचणारा कॉलेजातला असेल, किंवा मूळ कथा कधीच वाचली नसेल, तर पहिलंच. जुने मित्र निवडणुकीवरून व्हॉट्सॅपच्या ग्रुपमधून बाहेर पडलेले बघायच्या वयात असाल, तर दुसरं. पहिलं इंग्रजीत वाचणार असाल तर रिचर्ड पेव्हिअरचा अनुवाद घ्या. व्हिक्टोरियन काळातल्या अनुवादांनी चावट भाग सोवळ्यात ठेवलाय.

दुसरं घेतलंत तरी एक करा, पहिल्याची शेवटची सात-आठ प्रकरणं आधी पूर्ण वाचा. या चौघांनी एका रात्री स्वतःच न्यायाधीश होऊन जो निवाडा केला, त्याचा हिशेब मागायला दुसऱ्या पुस्तकात मॉर्डंट नावाचा तरुण येतो.