कोकणात मालगाड्या वाढवायच्या तर: जादा लूप, दुपदरी मार्ग की घाटातला फाटा?

कोकण रेल्वेचा रोहा–वीर हा सुमारे ४७ किमीचा तुकडा २०२१ मध्ये दुपदरी झाला. २०२२ पर्यंत सगळ्या मार्गाचे विद्युतीकरणही पुरे झाले. बाकीचा बहुतेक मार्ग मात्र एकेरीच आहे. एकेरी मार्गावर किती गाड्या बसतील हे सर्वांत वेळखाऊ ब्लॉक सेक्शन (दोन स्टेशनांमधला, एका वेळी एकच गाडी घेणारा तुकडा) ठरवतो, त्यामुळे तिन्ही पर्याय आधी त्याच फूटपट्टीने मोजावेत.

हिशेबासाठी स्कॉटचे सूत्र पुरते. मालगाडीला सेक्शन ओलांडायला लागणारी मिनिटे आणि ब्लॉकच्या कामाची (स्टेशनांनी एकमेकांना विचारून गाडी सोडण्याची) मिनिटे यांच्या बेरजेने १४४० ला भागायचे आणि ०.७ ने गुणायचे. सेक्शन १२ किमीचा, मालगाडी ताशी ४० किमी आणि ब्लॉकला ५ मिनिटे धरली, तर दोन्ही दिशा मिळून दिवसाला सुमारे ४४ गाड्या निघतात. त्याच्या मधोमध क्रॉसिंग स्टेशन (जिथे एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबून समोरचीला वाट देते) आले की ७२. दुप्पट होत नाहीत, कारण ती ५ मिनिटे कमी होत नाहीत. भलत्याच सेक्शनात दहा स्टेशने बांधली तरी आकडा ४४ वरच अडतो. शिवाय या गाड्यांत प्रवासी गाड्या आधी बसतात. मालगाडीला उरेल ते.

लूपचा पर्याय म्हणूनच स्वस्त आणि लवकर फळणारा, पण अर्धवट केला तर पैसा वाया. मेन लाईन आणि एकच लूप असलेल्या स्टेशनात मालगाडी उभी राहिली की तिथे दोन प्रवासी गाड्यांचे क्रॉसिंग होऊ शकत नाही. गाड्यांची वाहतूक सांभाळणारा कंट्रोलर मग मालगाडीला आत घेतच नाही, मागच्या मोठ्या स्टेशनात ताटकळत ठेवतो. म्हणून मेन अधिक दोन लूप हवेत, आणि लूप किमान ६८६ मीटरचे. मेन लाईनवरून लूपवर वळवणारा सांधा १:८.५ चा, म्हणजे जास्त तीव्र वळणाचा, बसवला तर गाडी ताशी १५ ने आत सरकते. १:१२ चा असेल तर ३० ने. पूर्ण रेक (मालगाडीच्या वाघिणींची अख्खी माळ) आत यायला लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. यार्डाचा, म्हणजे स्टेशनातल्या रुळांच्या पट्ट्याचा, उतार १:४०० (४०० मीटरला १ मीटर) पेक्षा तीव्र चालत नाही, त्यामुळे एक किलोमीटरहून लांब सपाट पट्टा लागतो. कोकणात तोच दुर्मीळ.

उक्षी आणि भोके यांच्यामधल्या करबुडे बोगद्याशी लूपचा उपाय संपतो. ६.५ किमीच्या बोगद्यात स्टेशन काढता येत नाही. दोन्ही तोंडांशी काढली तरी सेक्शन ८ किमीच्या खाली आणणे कठीण. म्हणजे वरच्याच हिशेबाने ५९ गाड्यांची मर्यादा. त्यापुढे जायचे तर समांतर बोगदा, अर्थात दुपदरीकरण. गरज आणि खर्च दोन्ही सर्वांत जास्त असतील ते इथेच. रोहा–वीर हा त्या मानाने सोपा तुकडा होता. नवा बोगदा जुन्यापासून पुरेसा लांब ठेवावा लागतो आणि सुरुंग दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मार्ग बंद ठेवूनच उडवावे लागतात, त्यामुळे काम चालू असताना क्षमता घटतेच. जुन्याच कटिंगला (डोंगर कापून काढलेल्या वाटेला) रुंद करून दुसरा रूळ टाकला, तर एका दरडीत दोन्ही मार्ग बंद.

घाटातला फाटा म्हणजे वैभववाडी–कोल्हापूर. हा सुमारे १०७ किमीचा मार्ग अजून कागदावरच आहे. त्याने किनाऱ्यावरच्या मार्गाची क्षमता एका गाडीनेही वाढत नाही. उलट घाटावरचा माल त्यावर येऊन पडतो. कोकण रेल्वेचा चढ १:१५० मध्ये राखलेला आहे. कुळे–कॅसलरॉक घाटात तो १:३७ आहे आणि तिथे मालगाडीला बँकर (मागून ढकलणारी) इंजिने लागतात. नवा मार्ग तितका तीव्र ठेवला तर बांधकाम कमी, पण तो बोजा रोज. सौम्य ठेवला तर बोगदे वाढतात. एखाद्या बंदराचा पूर्ण रेकभर माल रोज घाटावर जाणार असेल तरच हा फाटा आधी घ्यावा. तेव्हाही बंदर ते वैभववाडी हा एकेरी तुकडा सूत्रात घालून पाहावा.

आमचा कल आधी लूप, मग निवडक दुपदरी असा आहे. पण आकडे कोरड्या महिन्यांचे घेऊ नयेत. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, मुसळधार पावसात तर ताशी ४० ची मर्यादा पडते, आणि त्याच दिवसांत गणपतीच्या जादा गाड्या येतात. मालधक्काही मोजावा. ४५ वाघिणींचा कंटेनर रेक अर्ध्या लांबीच्या धक्क्यावर आला की तो तोडून दोनदा लावावा लागतो, आणि यार्डात शंटिंगला (वाघिणी मागेपुढे हलवायला) वेगळी लाईन नसेल तर तेवढा वेळ मेन लाईनच अडते.