जुनी बुलेट: चार गिअरचाच बॉक्स दुरुस्त करावा की पाच गिअरचा बसवावा?

मित्राच्या 1972 च्या बुलेटचा दुसरा गिअर पडता पडता निसटतो. मेकॅनिक म्हणतो, "पाचचा टाका, कटकट मिटेल."

खर्च आधी. जुन्या अल्बियन बॉक्समध्ये (म्हणजे जुन्या बुलेटच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये) दोष बऱ्याचदा ॲडजस्टमेंटचाच असतो. बाहेरच्या कव्हरवरची स्टॉप प्लेट, म्हणजे गिअर टाकताना पेडल कुठे थांबेल ते ठरवणारी पट्टी, दोन बोल्ट सैल करून किंचित सरकवायची, चारही गिअर टाकून बघायचे आणि मग बोल्ट आवळायचे. त्याआधी क्लच तपासा. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील तर दोष उगाच गिअरबॉक्सच्या माथी येतो. आतला बुश (शाफ्टभोवतीची नळी) किंवा फोर्कच (गिअर सरकवणारा काटा) झिजला असेल तर मात्र बॉक्स उघडावाच लागतो. जुन्यात गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पाचच्या बॉक्ससोबत डाव्या पायाचा गिअर येतो, म्हणजे ब्रेक उजवीकडे न्यायचा, त्याचं लिंकेज (जोडणाऱ्या दांड्या) बदलायचं. बिल वाढतच जातं.

चालवायला पाचचा सोपा, यात वाद नाही. चारच्यात पहिला गिअर पेडल वर उचलून, बाकीचे खाली दाबून. पण टाचेने वेगळी पट्टी दाबून न्यूट्रल शोधायची सोय चारच्यातच आहे.

शिवाय 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते.

रोज ऑफिसला न्यायची असेल तर पाचचा. रविवारी फिरवायची, मूळ रूपात जपायची असेल तर चारचाच. मित्राला मी आधी प्लेट सरकवायला सांगितलंय.